प्रमोटर विकतोय म्हणून आपणही विकायचं का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांनी २००२ च्या आयपीओत ४५ रुपयांनी घेतलेले भारती एअरटेलचे शेअर आता त्यांच्या नावावर आहेत. 'एअरटेलच्या प्रमोटरने इतक्या हजार कोटींचे शेअर विकले' अशी बातमी २०२४ च्या अखेरीपासून दर काही महिन्यांनी येते. प्रमोटर म्हणजे कंपनीवर ताबा असलेले मालक, असे घरचेच लोक बाहेर पडतायत म्हणजे त्यांना आतलं काहीतरी कळलं असणार, मग आपण कशाला थांबायचं, असं त्यांना वाटतं. दुसरीकडे, सप्टेंबर २०२४ मध्ये व्होडाफोन आयडियाचे प्रमोटर कुमारमंगलम बिर्लांनी त्या कंपनीचे शेअर स्वतः बाजारातून घेतल्याचं वाचून त्यांनीही घेतले आणि हात पोळून घेतले. आतल्यांनी विकलं तर धास्ती, घेतलं तर तोटा. मग या बातम्यांचा अर्थ लावायचा तरी कसा?

ताई, माझी उमेदीची वर्षं फोर्टातल्या ऑफिसांत, कंपन्यांच्या सेक्रेटेरियल खात्यात गेली. तुम्ही ज्या बातम्या वाचता त्यांचे मूळ फॉर्म आम्ही भरायचो. त्या अनुभवावरून आधीच सांगतो की आतल्या माणसाचा व्यवहार त्याच्या पैशाच्या गरजेबद्दल बरंच सांगतो आणि कंपनीबद्दल फार थोडं. टेलिकॉममध्ये तर त्याहूनही थोडं. ते का, तेही पुढे येईल.

एअरटेलचा प्रमोटर म्हणजे कोणी एक माणूस नाही, हे आधी लक्षात घ्या. सगळ्यात मोठा हिस्सा, साधारण ४० टक्के, भारती टेलिकॉम या कंपनीकडे आहे. त्या कंपनीत निम्म्याहून किंचित जास्त वाटा मित्तल कुटुंबाच्या भारती एंटरप्रायझेसचा आणि उरलेला सिंगापूरच्या सिंगटेलचा. शिवाय सिंगटेल पेस्टल नावाच्या कंपनीमार्फत थेटही शेअर धरून आहे, आणि मित्तल कुटुंबाची इंडियन कॉन्टिनेंट इन्व्हेस्टमेंट नावाची आणखी एक कंपनी आहे. ही सगळी नावं शेअरहोल्डिंगच्या तक्त्यात प्रमोटर आणि प्रमोटर ग्रुप म्हणून एकाच रकान्यात येतात. त्यातलं कोणीही काहीही विकलं की मथळा एकच: प्रमोटरची विक्री.

आता विक्री झाली ती अशी. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंडियन कॉन्टिनेंटने सुमारे १.२ टक्के हिस्सा सोडला, पण तो घेतला भारती टेलिकॉमनेच. म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने ०.८४ टक्के हिस्सा सुमारे ८,४८५ कोटींना बाजारात विकला, त्यातलाही जवळपास पाव भाग भारती टेलिकॉमने उचलला. मे २०२५ मध्ये सिंगटेलने १.२ टक्के विकले, साधारण १३,००० कोटींचे. ऑगस्टमध्ये पुन्हा इंडियन कॉन्टिनेंट, सुमारे ११,००० कोटी. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा सिंगटेल, ०.८ टक्के, दहा हजार कोटींच्या वर.

रकमा डोळे दिपवणाऱ्या आहेत, पण माझी नजर तारखांवर जाते. मेमधला एअरटेलचा तिमाही निकाल १३ तारखेला लागला आणि सिंगटेलची विक्री झाली १६ तारखेला. ऑगस्टमध्ये निकाल ५ ला, विक्री ८ ला. नोव्हेंबरमध्ये निकाल ३ ला, विक्री ७ ला. हा योगायोग नाही आणि कटही नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवरचे व्यवहार) नियमांनुसार तिमाही संपली की आतल्या लोकांसाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे व्यवहाराची मुभा, बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तास उलटल्यावरच उघडते. त्या काळात संचालक, वरचे अधिकारी, हिशेब खात्यातली नेमून दिलेली माणसं आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना कंपनीच्या शेअरला हात लावता येत नाही. आता तर डिपॉझिटरीच्या, म्हणजे डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या, पातळीवर त्यांचा पॅन त्या शेअरपुरता गोठवतात, मनात आलं तरी ऑर्डर जात नाही. म्हणजे वर्षाचे बरेचसे दिवस दार बंद. ज्याला मोठा गठ्ठा काढायचा आहे तो दार उघडताच काढणार, कारण तेव्हा निकाल ताजा असतो, सगळी माहिती लोकांसमोर असते आणि घेणारे म्युच्युअल फंड, विदेशी फंड निःशंकपणे घेतात. 'निकाल चांगला लागला आणि तिसऱ्या दिवशी मालकाने विकलं, काहीतरी काळंबेरं आहे' असं जे म्हणतात त्यांना सांगा की निकालाच्या आधी विकलं असतं तर काळंबेरं असतं.

विंडो उघडली म्हणून कोणी थेट ब्रोकरला फोन लावू शकत नाही. ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहाराला कंपनीच्या कम्प्लायन्स ऑफिसरची (नियमपालन बघणाऱ्या अधिकाऱ्याची) आधी मंजुरी लागते. मंजुरी मागताना 'माझ्याकडे कोणतीही अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि मंजुरी जास्तीत जास्त सात ट्रेडिंग दिवस चालते. या खुर्चीवर बसलेल्या माणसाला रोज गोड बोलून नाही म्हणावं लागतं. एका कंपनीत (नाव नको) एका संचालकांच्या पत्नीचं खातं पीएमएसवाल्याकडे, म्हणजे तिच्या वतीने गुंतवणूक सांभाळणाऱ्याकडे, होतं. विंडो बंद असताना त्याने परस्पर आमच्याच कंपनीचे शेअर घेतले. संचालक म्हणाले, 'अहो, मला माहीतच नव्हतं.' खरंही असेल. पण जवळच्या नातेवाइकाचा व्यवहार नियमाच्या कक्षेत येतो, पीएमएसमधून झाला तरी येतो, आणि मला तो उल्लंघन म्हणून नोंदवून पुढे कळवावाच लागला. पुढे कितीतरी दिवस साहेब लिफ्टमध्ये भेटले तरी छताकडे बघायचे.

आता विक्रीची कारणं. सिंगटेलचं कारण जाहीर आहे. २०२२ मध्ये त्यांनी भारती टेलिकॉमला ३.३ टक्के हिस्सा विकला तेव्हाच दोन्ही बाजूंनी सांगितलं होतं की एअरटेलमधली दोघांची प्रभावी मालकी (थेट आणि दुसऱ्या कंपन्यांमार्फतची मिळून) हळूहळू समान करायची आहे. सिंगटेलकडे ती जास्त होती, म्हणून विकणारा तो. शिवाय सिंगटेलला स्वतःच्या भागधारकांना पैसे परत द्यायचे आहेत, त्यासाठी मे २०२५ मध्येच बायबॅक (स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) जाहीर केला. एवढं विकूनही नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांची प्रभावी मालकी २७ टक्क्यांच्या वरच होती. एअरटेल बुडणार असं वाटणारा माणूस असा चमच्या-चमच्याने विकत नाही.

मित्तल कुटुंबाचं कारण इतकं लेखी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये भारती समूहाने ब्रिटनच्या बीटी ग्रुपमध्ये सुमारे २४.५ टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. एवढ्या खरेदीला पैसा कुठून तरी यायलाच हवा. या दोन गोष्टींची सांगड मी घालतो, कंपनीने घातलेली नाही, तेव्हा तिला माझा अंदाजच समजा. पण कुटुंबाने एका हाताने विकताना दुसऱ्या हाताने भारती टेलिकॉममार्फत घेतलं आहे, आणि भारती टेलिकॉमने त्यासाठी बाँड विकून कर्ज उभारलं आहे. म्हणजे एअरटेलवरचा ताबा ढिला करायचा त्यांचा इरादा दिसत नाही. यातून तुमच्या कामाची गोष्ट निघते. कर्ज काढून शेअर घेणाऱ्या या होल्डिंग कंपनीची मिळकत बहुतांशी एअरटेलचा लाभांश आहे. २०२४-२५ साठी एअरटेलने शेअरमागे १६ रुपये दिले, आदल्या वर्षी ८ होते. ४० टक्के हिस्सेदाराला त्यातून चार हजार कोटींच्या जवळपास मिळतात. व्याज भरायचं तर लाभांश वाढलेला त्याला हवाच असणार. प्रमोटरची कुठली हालचाल खरंच वाचण्यासारखी असेल, तर मला ही वाटते.

मूळ कागद कुठे मिळतो? बीएसईच्या संकेतस्थळावर एअरटेलचा कोड ५३२४५४ टाका आणि डिस्क्लोजर्समध्ये 'इनसायडर ट्रेडिंग २०१५' उघडा. प्रमोटर, संचालक किंवा नेमलेल्या व्यक्तीने एका तिमाहीत मिळून १० लाखांहून जास्त रकमेचा व्यवहार केला की दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचं आणि कंपनीने पुढच्या दोन दिवसांत एक्स्चेंजला, असा नियम आहे. १० लाख ही फार खालची मर्यादा. १,९०० च्या भावाने सव्वापाचशे-साडेपाचशे शेअर झाले की ओलांडली. त्यामुळे यादी लांब दिसते आणि तिच्यात बराच भुसा असतो. तुम्ही शेवटचे रकाने पाहा, व्यवहाराचा प्रकार आणि मार्ग. तिथे 'ईसॉप' लिहिलं असेल तर तो अधिकारी पगाराचाच भाग शेअरच्या रूपात घेतो आहे. ईसॉप वापरल्या क्षणी त्यावर पगारासारखा कर लागतो, त्यामुळे काही शेअर लगेच विकून कर भागवणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. 'ऑफ मार्केट' किंवा 'इंटर-से' लिहिलं असेल तर घरातल्या घरात, कधी कुटुंबाच्या ट्रस्टकडे. आणि भारती एअरटेल एम्प्लॉईज वेल्फेअर ट्रस्ट हे नाव खरेदीदार म्हणून दिसलं तर हुरळून जाऊ नका, तो कर्मचाऱ्यांना द्यायचे शेअर गोळा करतो आहे. हे सगळं गाळून उरते ती 'मार्केट पर्चेस', म्हणजे स्वतःच्या पैशाने, सगळ्यांसारखी बाजारभावाने केलेली खरेदी. तिला मी वजन देतो, कारण घेतल्यावर सहा महिने उलटा व्यवहार करायला बंदी आहे. मोडली तर नफा जप्त होतो. म्हणजे घेणारा निदान सहा महिने अडकून घेतो.

त्याच रांगेतला 'प्लेज'चा, म्हणजे तारणाचा खुलासा मात्र कधी वगळू नका. आपल्या इथल्याच रिलायन्स कम्युनिकेशन्सचं उदाहरण आहे. २००८ च्या सुरुवातीला ज्या शेअरने ८०० ओलांडले होते, त्या कंपनीने १ फेब्रुवारी २०१९ ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जात असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या आठवड्यात सावकारांनी त्या समूहाचे तारण ठेवलेले शेअर बाजारात ओतले. तारणाचे आकडे त्याआधी कितीतरी तिमाही सगळ्यांसमोर होते. प्रमोटर स्वतः विकतो तेव्हा वेळ तो निवडतो, तारणाच्या शेअरची वेळ सावकार निवडतो.

मग व्होडाफोन आयडियात काय झालं? ६ सप्टेंबर २०२४ ला बिर्लांनी सुमारे १.८६ कोटी शेअर बाजारातून घेतले, भाव तेव्हा बारा-चौदा रुपयांच्या दरम्यान. ही अगदी वर सांगितल्या जातीची खरेदी, स्वतःच्या पैशाची. शिवाय त्याच दिवशी एका विदेशी ब्रोकरेजच्या कडक अहवालाने शेअर आपटला होता, त्यामुळे खरेदी 'आम्ही ठाम आहोत' असं सांगण्यासाठीही होती. पुढे १९ सप्टेंबरला बातमी फुटली की एजीआर थकबाकीबद्दलची (सरकारला उत्पन्नाच्या हिश्शापोटी द्यायच्या पैशांबद्दलची) क्युरेटिव्ह, म्हणजे शेवटच्या दादेची, याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. शेअर एका दिवसात जवळपास पंचमांशाने घसरला आणि नोव्हेंबरात ७ रुपयांच्याही खाली गेला.

म्हणजे स्वतः प्रमोटर चुकला. तो खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला न्यायालयाचा निर्णय तुमच्या-माझ्याइतकाच अज्ञात होता. टेलिकॉमची मेख इथे आहे. औषध कंपनीचा संचालक आपल्या औषधाच्या चाचण्यांचा निकाल आपल्याआधी जाणतो. टेलिकॉमच्या संचालकाला काय माहीत असतं? २४ ऑक्टोबर २०१९ ला एजीआरचा निकाल न्यायालयाने दिला. सरकारी थकबाकीच्या बदल्यात शेअर घ्यायचे की नाही हे दिल्लीत संचार भवनात, म्हणजे दूरसंचार खात्यात, ठरलं, एप्रिल २०२५ मध्ये सरकारने ३६,९५० कोटींच्या देण्याचे शेअर १० रुपये दराने घेतले आणि आपला हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर नेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने सरकारला एजीआरच्या फेरविचाराची मुभा दिली, भाव पुन्हा हलला. यातलं काहीही कंपनीच्या वरळीच्या ऑफिसात ठरलं नाही. शिवाय आकार बघा. बिर्लांची ती खरेदी पंचवीस कोटींच्या आतबाहेरची. त्यांच्या समूहासाठी ही रक्कम म्हणजे निरोप झाला, गुंतवणूक नव्हे. तुमच्यासाठी तुमचे पैसे ही गुंतवणूकच होती. आतल्याच्या खरेदीची रक्कम नेहमी त्याच्या पदरी असलेल्या संपत्तीशी ताडून बघा, आपल्या पगाराशी नाही.

टेलिकॉममध्ये आतल्याला खरोखर आधी कळेल अशी एकच मोठी गोष्ट मला दिसते, ती म्हणजे दरवाढ. जून २०२४ च्या अखेरीस जिओने ती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी एअरटेलने. अशा निर्णयाची तयारी चालू असताना कोणाकोणाला ते कळलं याची नोंद कंपनीला डिजिटल रजिस्टरमध्ये ठेवावी लागते, कोणी कोणाला कधी सांगितलं यासकट. इनसायडर ट्रेडिंगचे नियम मोडणाऱ्याला किमान १० लाख आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त ते, दंड होऊ शकतो. सगळे पाळतात असं मी छातीठोक सांगणार नाही. पण जो हे मोडतो त्याचं नाव तुम्ही वाचता त्या फॉर्ममध्ये नसतं. फॉर्म भरणारा बहुधा सरळ मार्गाचाच असतो.

दरवाढ मोठी का, तर धंद्याचं गणितच तसं आहे. एअरटेलचे भारतातले मोबाइल ग्राहक धरा साधारण ३६ कोटी. ग्राहकामागे महिन्याला १० रुपये वाढले की वर्षाला ४,३२० कोटी. टॉवर तेच, स्पेक्ट्रम (सरकारकडून घेतलेल्या ध्वनिलहरी) तोच, त्यामुळे लायसन्स फी वगैरे वजा जाता यातला मोठा भाग नफ्यात उतरतो. ग्राहकामागची ही सरासरी मासिक कमाई मार्च २०२५ च्या तिमाहीत २४५ रुपये होती, सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत २५६ झाली. तुम्ही दर तिमाहीला एकच आकडा पाहणार असाल तर हा पाहा. खाली गेला किंवा दोन-तीन तिमाही हलला नाही, तर प्रमोटरने काही न विकताही काळजी करा.

बाकी कंपनीचं स्वरूप थोडक्यात. मोबाइल हा कणा. घरगुती ब्रॉडबँड वाढतंय, डीटीएच थकलंय. कंपन्यांना जोडणी, डेटा सेंटर आणि समुद्राखालच्या केबल पुरवणारा धंदा आहे, त्यातली २आफ्रिका पर्ल्स केबल २०२५ मध्ये आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला लागली. आफ्रिकेत १४ देश. हा पसारा २०१० मध्ये कुवेतच्या झेन कंपनीकडून घेतला, सुमारे १०.७ अब्ज डॉलरला, आणि त्याने बरीच वर्षं रक्त आटवलं. २०१९ पासून एअरटेल आफ्रिका लंडनच्या बाजारात नोंदलेली आहे, त्यामुळे तिथल्या संचालकांचे व्यवहार ब्रिटनच्या नियमाने जाहीर होतात, आपल्या बीएसईच्या यादीत ते शोधू नका. तिथला धोका चलनाचा. २०२३ मध्ये नायजेरियाचा नायरा कोसळला आणि पुढच्या वार्षिक निकालात आफ्रिकेची कंपनी तोट्यात गेली.

ताळेबंद वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. नोव्हेंबर २०२४ पासून मोबाइल टॉवर चालवणारी इंडस टॉवर्स ही उपकंपनी झाली, तिचे आकडे आता एअरटेलमध्ये मिळतात, म्हणून आधीच्या वर्षांशी थेट तुलना केली की वाढ फुगलेली दिसते. आणि मार्च २०२५ च्या तिमाहीचा ११,०२२ कोटींचा नफा, आदल्या वर्षीच्या २,०७२ कोटींच्या पाचपट, यात करासंबंधीच्या एकवेळच्या नोंदींचा मोठा हात होता. २०२४-२५ ची एकूण उलाढाल १,७२,९८५ कोटी, पण निव्वळ कर्जही दोन लाख कोटींच्या घरात. कर्जातला मोठा तुकडा स्पेक्ट्रमचा, म्हणजे सावकार पुन्हा सरकारच. स्पर्धा म्हणाल तर जिओ २०२६ च्या पहिल्या सहामाहीत शेअर बाजारात आणण्याचा मानस मुकेश अंबानींनी ऑगस्ट २०२५ मध्ये बोलून दाखवला होता. टेलिकॉममध्ये पैसा घालू इच्छिणाऱ्या फंडाला आज मोठ्या आणि धडधाकट खासगी कंपन्यांत एअरटेलशिवाय फारसं काही मिळत नाही. जिओ आली की काही पैसा तिकडे वळेल. त्याचा भावावरचा परिणाम मला सिंगटेलच्या विक्रीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

तुमच्या वडिलांनी घेतले तेव्हा मुंबईत मोबाइल म्हणजे बीपीएल नाहीतर ऑरेंज होता, एअरटेल हे दिल्लीवाल्यांचं नाव होतं. त्यांनी कोणाच्या खरेदी-विक्रीकडे बघून घेतले असतील असं वाटत नाही. ते शेअर प्रमोटरच्या बातमीवर विकू नका. मुलांच्या शिक्षणाला, घराला पैसा हवा असेल किंवा एकाच कंपनीत फार मोठा वाटा झाला असेल, तर खुशाल विका, ते कारण तुमचं आहे. विकताना कराचं एवढं बघा. वारशाने आलेल्या शेअरला खरेदीची तारीख वडिलांचीच धरतात, आणि १ फेब्रुवारी २०१८ च्या आधीच्या शेअरसाठी ३१ जानेवारी २०१८ चा त्या दिवसातला सर्वांत वरचा भाव खरेदी किंमत म्हणून धरायची मुभा आहे, विक्रीचा भाव त्याहून जास्त असेल तर. २००९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे ५ रुपयांचे दोन झाले, ते मोजायला विसरू नका. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, पुढे साडेबारा टक्के. तेव्हा घाई नसेल तर मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे असे विका, दोन वर्षांची सूट मिळेल. व्होडाफोन आयडियाचे मात्र तोट्यात असतील आणि विकायचेच असतील, तर तेही त्याच आर्थिक वर्षात विका. तो तोटा एअरटेलच्या नफ्यातून वजा होतो, पण सव्वा लाखाच्या वरचा नफा असेल तरच त्याचा उपयोग आहे, हे सीएंकडून एकदा आकडे मांडून घ्या.